नळीतला रंग आणि ओठांवरचा रंग

गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. पाडव्याच्या सकाळी सगळ्यांचे आवरून झाले, ताटे मांडून झाली, तरी ही बाई आरशापुढून हलेना. जाऊन पाहते तो हातात बोटाएवढी एक पारदर्शक नळी, आणि केसांच्या आकड्याने ती नळी आतून खरवडणे चाललेले. लोणच्याच्या बरणीच्या तळाशी राहिलेला खार आपण चमच्याने निपटून काढतो ना, अगदी तसे.

“अगं, संपली असेल तर दुसरी आण,” मी म्हटले.

“मिळत नाही गं मावशी. बंद केलीय त्यांनी. पाच दुकानं पालथी घातली मी. दुसऱ्या पुष्कळ मिळतात, पण माझा रंग त्यातच होता.”

ओठांना लावायच्या लालीसाठी इतके हळहळायचे काय, असे कुणी म्हणेल. मलाही क्षणभर तसे वाटले. पण ‘माझा रंग’ हे तिचे दोन शब्द माझ्या मनातून जाईनात. मी पुष्कळ वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. एखाद्या वस्तूचा रंग असतो, हे मला माहीत होते. माणसाचा स्वतःचा असा रंग नळीत भरून विकता येतो, हे मात्र नवीन होते. म्हणून त्या दिवशी जेवणे झाल्यावर आम्ही दोघी ती नळी घेऊन स्वयंपाकघरात बसलो. त्या दुपारची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

आधी ती वस्तू काय होती ते सांगते. हल्ली तिला लिप ग्लॉस म्हणतात. लाली कांडीसारखी घट्ट असते, ग्लॉस मधासारखा दाट आणि चकचकीत. 1930 नंतरच्या दशकात पडद्यावर नटींचे ओठ ओलसर दिसावेत म्हणून हॉलिवुडमध्ये मॅक्स फॅक्टरने असला लेप केला, आणि तिथून तो घरोघर पोचला. भाचीच्या नळीतला ग्लॉस मात्र दिसायला कोरा होता, रंगाचा मागमूस नाही. पण ओठांवर फिरवला की मिनिटभरात तिथे गुलाबी छटा उमटे, आणि वरचा चिकट लेप पुसून टाकला तरी ती तासन्‌तास तशीच राही. वेष्टनावरच्या मजकुराचा आशय असा, की हा ग्लॉस तुमच्या ओठांचे रसायन ओळखतो आणि जगात फक्त तुम्हालाच शोभेल असा रंग देतो. शिवाय त्यात कसल्याशा फळांचा अर्क, जीवनसत्त्वे आणि त्वचेची निगा राखणारी तेले. म्हणजे रंगही तुमचा आणि औषधही तुमचे.

आता ही जादू समजून घ्यायला लांब जायला नको. तुमच्या पांढऱ्या साडीवर कधी वरणाचा थेंब सांडला आहे? हळदीचा पिवळा डाग पडतो. तुम्ही घाईने त्यावर साबण घासता, आणि डाग जाण्याऐवजी एकदम लालभडक होतो. नव्या नवरीच्या पोटात धस्स होते. सासूबाई म्हणतात, “घाबरू नकोस, उन्हात टाक.” भरपूर पाण्याने साबण निघाला की लाल पुन्हा पिवळे होते, आणि उन्हाने तेही उडते. हळदीत जे रंगद्रव्य आहे ते आम्लात पिवळे आणि साबणासारख्या आम्लारीत लाल. रंग बाहेरून आलेला नसतो. तोच रेणू, फक्त भोवतालच्या परिस्थितीप्रमाणे आपली ठेवण बदलतो आणि आपल्या डोळ्यांना वेगळा दिसतो. हळदीला चुना लावला की ती लाल होते, हे आपल्या आज्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. सोलापूर जिल्ह्यातले केम हे गाव कुंकवाच्या धंद्यासाठी नावाजलेले. तिथल्यासारखे जुन्या पद्धतीचे कुंकू म्हणजे हीच हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार यांच्या संगतीने लाल झालेली.

भाचीच्या नळीत हळद नव्हती. पण तत्त्व त्याच जातीचे. वेष्टन तिने जपून ठेवले होते. बारीक अक्षरांतल्या त्या लांबलचक यादीच्या अगदी शेवटी मला हवे ते सापडले : सीआय 45410. हा जगभर मान्य असलेल्या रंगसूचीतला क्रमांक. माणसाला जसे गावाचे नाव, टोपणनाव, शाळेतले नाव, तशी एकाच रंगाला अनेक व्यापारी नावे असतात. क्रमांक मात्र एकच. हा क्रमांक ज्याचा आहे तो रंग इओसिन नावाच्या रंगाचा सख्खा भाऊ.

या इओसिनची गोष्ट मोठी गमतीची आहे. 1871 साली जर्मनीत अॅडॉल्फ फॉन बायर या रसायनशास्त्रज्ञाने फ्लुओरेसिन नावाचे रंगद्रव्य तयार केले. पुढे 1905 साली याच बायरना नोबेल पारितोषिक मिळाले. फ्लुओरेसिन सापडल्यावर थोड्याच वर्षांत हाइनरिख कारो याने त्यात ब्रोमीन घालून एक सुरेख गुलाबी-लाल रंग काढला आणि ग्रीक लोकांच्या उषादेवीवरून, म्हणजे इओसवरून, त्याचे नाव ठेवले इओसिन. रेशीम रंगवायला, लाल शाई करायला त्याचा उपयोग झाला. डॉक्टरांना त्याचा आणखी एक गुण लक्षात आला : शरीरातल्या प्रथिनांना हा रंग घट्ट धरून बसतो. आजही रोगनिदानासाठी शरीरातला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा काचेवर जो गुलाबी रंग दिसतो तो बहुधा इओसिनचाच. ओठ पुसल्यावरही छटा मागे का राहते, याचे उत्तर यातच आहे. ओठांची वरची कातडी म्हणजेही प्रथिनच.

मग नळीत तो कोरा कसा? या रंगाच्या रेणूत एक कडे आहे. आम्ल अवस्थेत ते मिटलेले असते आणि तेव्हा रंग जवळजवळ दिसत नाही. ग्लॉसमध्ये पाणी नसते, सगळी तेले आणि मेणे. तिथे हे कडे मिटूनच राहते. ओठांवर आले की तिथला ओलावा लागतो, आम्लपणा कमी होतो, कडे उघडते आणि रंग प्रकट होतो. एवढेच. यात मन ओळखणे नाही की स्वभाव ओळखणे नाही.

“पण प्रत्येकीच्या ओठांचं रसायन वेगळं असतं की नाही?” भाचीने विचारले. प्रश्न चांगला होता. असते. कातडी किंचित आम्लधर्मी, लाळ जवळजवळ उदासीन, आणि माणसागणिक त्यात थोडा फरक पडतो. पण गोम अशी की, हा रंग उघडायला जी पायरी लागते ती बरीच खाली आहे. लिंबाच्या रसाइतक्या आंबट ठिकाणीच तो मिटून राहील. आपणा सगळ्यांचे ओठ ती पायरी केव्हाच ओलांडून वर उभे असतात. दोन माणसांच्या ओठांत जो बारीकसा फरक आहे, त्याने या रंगाला काही फरक पडत नाही. दार सताड उघडे असले की पाहुणा ठेंगणा की उंच, हे दाराला कळत नाही.

हे नुसते सांगून तिला पटेना. तेव्हा आम्ही आकड्याच्या टोकावर निघालेला तो शेवटचा कण पणाला लावला. मला वाईट वाटले, पण तीच म्हणाली, “लाव, एकदा बघूच.” पांढरा कागद घेतला. एका बाजूला लिंबाचा रस, एका बाजूला खाण्याच्या सोड्याचे पाणी. दोन्हीकडे टाचणीच्या माथ्याएवढा ग्लॉस. सोड्याच्या बाजूला बघता बघता तीच गुलाबी छटा फुलली. लिंबाच्या बाजूला तो बराच वेळ फिकट राहिला. कागदाला ना ओठ, ना स्वभाव. मग माझ्या मनगटावर लावला, तिच्या धाकट्या भावाच्या तळहातावर लावला. तो “शी!” म्हणून ओरडला. सगळीकडे तोच गुलाबी.

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे मावशी, माझा असा काही नव्हताच तर.”

इथे मला घाईने ‘नव्हताच’ म्हणता आले असते, पण ते पुरते खरे नसते. शेवटचा ठिपका मी माझ्या ओठांना लावला आणि आम्ही दोघी खिडकीच्या उजेडात आरशासमोर उभ्या राहिलो. तिच्या ओठांवर तो रंग जांभळट गुलाबाच्या पाकळीसारखा दिसे. माझे ओठ वयाने काळवंडलेले, त्यांवर तोच रंग विटकरीकडे झुकला. ग्लॉस पारदर्शक, आणि रंगाचा थर अगदी विरळ. खालचा ओठ त्यातून दिसतच राहतो. वरचे पान सगळ्यांना एकच, खालचा कागद ज्याचा त्याचा. म्हणजे वेष्टनावरचे विधान अर्धे खरे होते. पण जे अर्धे खरे होते ते नळीतले नव्हतेच, ते तिच्या चेहऱ्यावर आधीपासून होते. कुठलाही विरळ, पारदर्शक रंग हे काम करील. दाट रंगाची कांडी करणार नाही, कारण ती खालचे सगळे झाकून टाकते.

‘ज्याचा त्याचा रंग’ हे सांगणे काही आजचे नाही, आणि परदेशातलेही नाही. विडा घ्या. हिरवे पान, पांढरा चुना, तपकिरी काथ, भुरी सुपारी. यातले एकही लाल नाही. तोंडात गेल्यावर चुन्यामुळे काथातली आणि सुपारीतली द्रव्ये लाल होतात आणि ओठ रंगतात. रंग बदलणारी ओठांची लाली आपल्याकडे कित्येक शतके चघळली जात होती. आणि म्हणत काय? ज्याचा विडा अधिक रंगला, त्याच्यावर त्याच्या माणसाचे प्रेम अधिक. मेंदीचेही तेच. नवरीची मेंदी गडद चढली की बायका एकमेकींकडे पाहून हसतात. खरे कारण तळहाताची जाड कातडी, हाताची ऊब आणि मेंदी किती वेळ ठेवली हे. तोही रंग प्रथिनाला धरतो आणि पुढे दीड-दोन दिवस हवेने गडद होत जातो. पण मेंदी लावणारी बाई हे प्रेमाचे भाकीत कोणाला विकत नव्हती. ती चेष्टा होती, आणि ती चेष्टा आहे हे दोघींनाही ठाऊक होते. छापील वेष्टनावर आले की चेष्टेचा दावा होतो, आणि त्याचे पैसे पडतात. माझा आक्षेप असलाच तर एवढाच आहे. जाता जाता, विड्याची आठवण काढली म्हणून कुणी सुपारी खायला लागू नका. सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो हे आता पक्के झाले आहे, तंबाखू नसली तरीही.

आणि ओठ रंगवणे हे फक्त बायकांचे खूळ, असे मानणाऱ्या पुरुषमंडळींसाठी एक माहिती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात सुखवस्तू नागरकाची दिनचर्या दिली आहे. सकाळी दात घासून, उटी-धूप-माळा झाल्यावर हा गृहस्थ मेण आणि अळिता लावतो, आरशात तोंड पाहतो, विडा घेतो, मग कामाला लागतो. मेण आणि रंग : लालीच्या कांडीत आजही मुळात हेच दोन पदार्थ आहेत. आपल्या आज्यांच्या फणीकरंड्याच्या पेटीत कुंकवाशेजारी मेणाची डबी असे. आधी मेणाचा ठिपका, मग त्यावर कुंकू. तिथेही तीच जोडी.

परदेशातली हकीकतही सांगण्यासारखी आहे, कारण भाचीचे दुःख तिथे फार आधी होऊन गेले. न्यूयॉर्कच्या जॉर्ज लुफ्ट यांच्या कंपनीने 1920 नंतरच्या दशकात ‘टँजी’ नावाची कांडी बाजारात आणली. कांडी पाहावी तर नारिंगी, ओठांवर फिरवली की गुलाबी. गुरुकिल्ली तीच, इओसिनच्या कुळातली. त्या काळी तिथल्या घरांतही मुलीने तोंड रंगवले की आई-बापांच्या कपाळाला आठ्या पडत. टँजीच्या जाहिरातींनी बरोबर तिथेच बोट ठेवले : रंगवलेले दिसू नका, हा तर तुमचाच स्वाभाविक रंग आहे. त्यामुळे ज्या आयांना लाल कांडी नको होती, त्यांनीही मुलींना टँजी लावू दिली. दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली, या कंपनीच्या प्रमुख कॉन्स्टन्स लुफ्ट ह्यून यांच्या नावाने एक जाहिरात निघाली. युद्ध, स्त्रिया आणि लाली यांची तीत सांगड घातली होती. कारखान्यांत आणि सैन्याच्या कामांत शिरलेल्या बायकांनी लाली लावावी, कारण तेही धैर्याचे लक्षण, असा तिचा सूर. धैर्याचा आणि लालीचा संबंध मला काही नीटसा कळला नाही. पण त्या काळात तरुण असलेल्या हजारो बायकांच्या मनात ती नारिंगी कांडी घर करून बसली एवढे खरे.

पुढे फॅशन बदलली, टँजी मागे पडली, दुकानांतून नाहीशी झाली. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात ‘व्हरमाँट कंट्री स्टोअर’ नावाचे एक दुकान आहे, 1946 साली निघालेले, टपालाने माल पाठवणारे. बाजारातून गेलेल्या वस्तू गिऱ्हाइकांसाठी शोधून काढायच्या किंवा पुन्हा करवून घ्यायच्या, हा त्यांचा लौकिक. त्यांनी टँजी पुन्हा विकायला आणली. ती घेणाऱ्यांत तरुणपणी ती लावलेल्या म्हाताऱ्या बायकाही होत्या. त्यांना गुलाबी रंगाची वाण नव्हती. गुलाबी रंग शेजारच्या दुकानात शंभर प्रकारचे होते. त्यांना तीच नारिंगी कांडी गुलाबी होताना पाहायची होती. हे मी भाचीला सांगितले तेव्हा तिचा चेहरा जरा उजळला. आपले रडे जगात एकटीचे नाही म्हटले की बरे वाटते.

आता त्या दुसऱ्या दाव्याकडे वळू : त्वचेची निगा. यात तथ्य किती? ओठांची कातडी अंगावरच्या इतर कातडीपेक्षा पातळ. घामाच्या ग्रंथी तिथे नाहीत, तेलाच्या ग्रंथीही जवळजवळ नाहीत. म्हणून थंडीत गाल तग धरतात आणि ओठ फुटतात. उपाय एकच : ओलावा उडू नये म्हणून वर स्निग्ध पदार्थाचे झाकण घालायचे. ग्लॉसमधली तेले आणि मेणे हे काम खरोखर करतात, त्यात खोटे काही नाही. पण ते काम आपल्याकडचे लोणी, तूप आणि विशेषतः कोकमतेल पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहे. कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बियांचे तेल काढून त्याचे घट्ट गोळे वळून ठेवतात. थंडीत ओठांना, टाचांना तेच लावायचे. शरीराच्या उबेने ते मऊ होते. हल्ली महागड्या मलमांच्या वेष्टनावर ‘गार्सिनिया इंडिका’ असे भारदस्त नाव वाचाल, ते हेच आपले कोकम. कोकणातल्या आजीला हे सांगितले तर ती पदर तोंडाला लावून हसेल.

राहिला फळांचा अर्क. इथे तुम्हाला एक उपयोगाची गोष्ट सांगते. आपल्या देशात 2020 साली सौंदर्यप्रसाधनांचे नवे नियम आले. त्यांप्रमाणे वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते, आणि ज्यांचे प्रमाण शेकडा एकाहून अधिक आहे ते उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. ज्यांचे प्रमाण शेकडा एक किंवा त्याहून कमी, ते त्यानंतर कुठल्याही क्रमाने. म्हणजे यादी वाचताना पहिली चार-पाच नावे वाचा. माल तोच. भाचीच्या वेष्टनावर दर्शनी बाजूला फळाचे एवढे थोरले चित्र, आणि यादीत ते फळ पार शेपटाला, सुगंध आणि रंगाच्या शेजारी. बासुंदीत केशराच्या दोन काड्या टाकून तिला केशराची बासुंदी म्हणावे, तसे. खोटे नाही, पण घट्टपणा दुधाचाच.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. इओसिन असलेल्या जुन्या काळच्या टिकाऊ लाल्यांनी काही बायकांचे ओठ सुजत, सोलवटत. पुढे दोष बराचसा रंगातल्या अशुद्ध भेसळीचा निघाला, आणि शुद्ध रंग येऊ लागल्यावर ही तक्रार पुष्कळ कमी झाली. तरी एखादीला अजूनही तो मानवत नाही. हलक्या कुंकवाने कपाळावर खाजरा डाग पडलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील, त्यातलाच हा प्रकार. नवी नळी आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. ओठांना चुरचुरले तर ‘पैसे दिलेत’ म्हणून लावत बसू नये. ओठांवरचे थोडेफार शेवटी पोटातच जाते, हेही विसरू नये.

आणि याच कारणाने भाचीला मी एक बेत रद्द करायला लावला. कुणाकडे तरी त्याच ग्लॉसच्या जुन्या, न वापरलेल्या नळ्या होत्या आणि चौपट किंमत मागत होते. ही चार घेऊन ठेवणार होती. तेले जुनी झाली की खवट होतात, हे खोबरेल वापरणाऱ्या कुठल्याही घराला सांगावे लागत नाही. वेष्टनावर वापरायची शेवटची तारीख असते. कित्येक नळ्यांवर झाकण उघडलेल्या डबीचे छोटे चित्रही असते. त्यात 12 हा आकडा असेल, तर उघडल्यापासून बारा महिने. फडताळात साठवून ठेवलेला रंग कदाचित टिकेल, पण त्याच्याभोवतीचे तेल टिकणार नाही.

कंपन्या वस्तू बंद का करतात? खप कमी झाला, एखादा घटक मिळेनासा झाला, मालक बदलला, नाहीतर नव्या वस्तूला फळीवर जागा हवी. कारण सांगणे त्यांच्यावर बंधनकारक नाही, आणि सहसा ते सांगतही नाहीत. गिऱ्हाईक तेवढे दुकानादुकानांतून विचारीत फिरते. यावर आपल्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तो क्रमांक. नाव बंद झाले, क्रमांक बंद झालेला नाही. सीआय 45410, नाहीतर त्याच्या भावाचा, इओसिनचा, सीआय 45380. यांपैकी एक जिच्या यादीत आहे, आणि जी दिसायला कोरी किंवा नारिंगी आहे, ती नळी कुणाचीही असो, ओठांवर तिच्यातून गुलाबीच उमटणार. कुणी ती हिरवी करून विकतात, कुणी काळी. वरचे रंग गिऱ्हाइकाला चकित करायला घातलेले. गुलाबी उमटवणारा बहुधा याच कुळातला. भाचीने हे दोन्ही क्रमांक माझ्या वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे लिहून घेतले.

भाऊबीज झाली, ती आपल्या गावी गेली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. स्टेशनाजवळच्या एका साध्या दुकानात तिला तो क्रमांक असलेली नळी मिळाली होती, जुनीच्या निम्म्या किमतीत. लावून पाहिली, आरशात पाहिले, मैत्रिणीला विचारले, मैत्रीण म्हणाली अगदी तोच रंग.

“मग झालं तर,” मी म्हटले.

“रंग तोच आहे गं मावशी,” ती म्हणाली, “पण वास तो नाही.”

तिने ती रिकामी नळी टाकली आहे का, हे मी विचारले नाही. तो आकडा मात्र माझ्याकडेच राहिला आहे. त्याच्या टोकाला थोडी गुलाबी छटा आहे, आणि साबणाने धुऊनही ती अजून गेलेली नाही.